राजाची लेक, पण राजकन्या न्हवं

“काय काकू, सकाळपासनं त्या टॅबातनं डोकंच वर न्हाई तुमचं.”

“ये, ये. हिकडं कुंपणाला ये आणि मिरच्यांची देठं काढू लाग. दुपारी कांडपाला द्यायच्यात. एका बाईचं पुस्तक वाचालोय. लेडी फॉकलंड. माहेरची अमेलिया. बाप कोण माहिताय? इंग्लंडचा राजा, चौथा विल्यम.”

“म्हणजे राजकन्याच की!”

“तिथंच तर गोम हाय. आई नाटकातली, डोरोथिया जॉर्डन. लंडनात लई नाव होतं तिचं, लोकांना हसवून बेजार करायची. विल्यम तवा राजा नव्हता, क्लॅरन्सचा ड्यूक होता. वीस वर्षं एका घरात राहिली दोघं. पोरं दहा. लगीन न्हाई.”

“दहा! आपल्या बोळात असती तर नळावर दुसरा विषय निघाला नसता.”

“पुढं ऐक. साहेब कर्जात बुडाले. आता पैसेवाली, रीतसर बायको पाहिजे. १८११ ला हिला घराबाहेर काढली. वर्षाची नेमणूक बांधून दिली, पोरी जवळ ठेवू दिल्या. अट एकच, पुन्हा नाटकात उभं राहायचं न्हाई.”

“आणि राहिली?”

“राहिली की. जावयानं देणी करून ठेवलेली, ती फेडायची कुणी? ही नाटकात गेली आणि बापानं पोरी काढून घेतल्या. अमेलिया सातेक वर्षांची असंल. १८१६ ला बाई पॅरिसजवळ कफल्लक होऊन मेली.”

“मुडदा बशिवला त्याचा. आणि त्यानं केलं का लगीन?”

“१८१८ ला, ॲडलेडशी. तिच्या दोन्ही पोरी तान्हेपणीच गेल्या. हिकडं नटीची घरभर पोरं, पण गादीला एकबी चालत न्हाई. म्हणून तर १८३७ ला पुतणी गादीवर बसली.”

“कोण?”

“व्हिक्टोरिया!”

“ती व्हय! म्हणजे ही तिची चुलतबहीण.”

“सख्खी चुलत. बाप राजा झाल्यावर त्यानं थोरल्याला अर्ल केलं, बाकीच्यांना सरदारांच्या लेकरांचा मान दिला. हिचं लगीन झालं लॉर्ड फॉकलंडशी. तो १८४८ ला मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. पाच वर्षं होता, उन्हाळ्यात महाबळेश्वर. हिकडचं काय काय बाईनं लिहून ठेवलंय. ‘चौ-चौ’ म्हणून दोन खंड, १८५७ ला निघाले. नजर लई बारीक बाईची, ते मात्र मानलं पाहिजे.”

“बरं झालं की मग तिचं.”

“तिचं झालं. साताऱ्याचं काय? फॉकलंड आला त्याच वर्षी, १८४८ च्या एप्रिलात, अप्पासाहेब महाराज गेले. जायच्या आधी दत्तक घेतला होता, सगळे विधी करून. आधीचा गव्हर्नर क्लार्क, तो म्हणत होता दत्तक माना. तो गेला, फॉकलंड आला. वर गव्हर्नर जनरल डलहौसी बसलेलाच. झालं, सातारा खालसा! विधीनं घेतलेलं पोर राजाचं न्हवं म्हणे. आणि ह्या गव्हर्नराची बायको कोण? बिनलग्नाची, पण राजाची लेक, म्हणून जाईल तिथं पुढची खुर्ची.”

“त्यांचा कायदा त्यांच्या सोयीचा. काकू, पण आपले कोल्हापूरचे शाहू महाराजबी दत्तकच की.”

“तर! कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी मांडीवर घेतले. तवर सत्तावन्नचं बंड होऊन गेलेलं. संस्थानिकांना दुखवायचं न्हाई, एवढी अक्कल साहेबाला आलेली. हेच दत्तकविधान फॉकलंडच्या वेळी झालं असतं तर कोल्हापूरला नुसता कलेक्टर बसला असता.”

“नको बाई, नाव काढू नका. पण दत्तकावरनं आठवलं. त्या कोपऱ्यावरच्या वाड्यातबी दत्तकाचंच चाललंय कोर्टात.”

“कुणाचं गं? मला कसं माहीत न्हाई?”

“हळू बोला की! त्यांची खिडकी उघडी हाय. असं जवळ या, सांगतो.”