पिकअपपंडित

पिकअपपंडित हा इलेक्ट्रिक गिटार बाळगणाऱ्यांमधला एक वर्ग. तो गिटार वाजवतो कमी, उघडतो जास्त. तर्जनीवर सोल्डरिंगचा जुना चटका आणि खिशात मल्टिमीटर, ही त्याची ओळखीची खूण. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हमखास सापडतो, तालमीला मात्र क्वचितच.

त्याचं शास्त्र पक्कं असतं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. गिटारची तार थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते. पण तीच कॉइल घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूंही पकडते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल आहेत. दुसरीला चुंबकाचं उलटं टोक, जोडणीही उलटी. सूर चुंबक आणि जोडणी दोन्हींवर अवलंबून, म्हणून दोनदा उलटून तो सुलट होतो आणि पहिल्यात मिळतो. घूंला चुंबकाशी देणंघेणं नाही. ती एकदाच उलटते आणि कटते.

दोन सिंगल कॉइल पिकअपांपैकी एकाचं नुसतं चुंबक फिरवलं, तर सूर ‘आउट ऑफ फेज’ होऊन एकमेकांना खातात, आवाज नाकातला होतो आणि घूं तशीच राहते. नुसत्या वायरी अदलाबदल केल्या तर आवाज तसाच नाकातला, पण घूं जाते. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये मानेकडच्या हंबकरचं चुंबक उलटं होतं; दोन्ही पिकअप एकदम चालू केले की तो पोकळ, हळवा आवाज यायचा. ही कथा ऐकल्यापासून पंडिताचा स्क्रू-ड्रायव्हर स्वस्थ बसलेला नाही. तोही चुंबक फिरवतो, मग तो पिकअप एकटाच लावून डोळे मिटतो आणि ‘फरक पडला’ म्हणतो. एकट्या पिकअपात चुंबक कुठल्याही तोंडाने बसवा, कानाला फरक कळत नाही. पण पंडिताला तो कळतो, कारण त्या कामात त्याचा अख्खा रविवार गेलेला असतो.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतल्या आवाजाला वादक सर्रास ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात. १९७७ मध्ये फेंडरने पाच खाचांचा स्विच देण्याआधी वादक तीन खाचांचा स्विच मध्येच अडकवून हा आवाज काढत. हा शब्दप्रयोग कानी पडताच पंडित गाणं थांबवायला लावतो आणि सांगतो, की ते पिकअप फेजमध्येच असतात, फक्त समांतर जोडलेले. दुर्दैवाने त्याचं बरोबर असतं.

हंबकरच्या कॉइल एकामागे एक जोडल्या तर आवाज मोठा आणि भरदार, समांतर जोडल्या तर उजळ आणि बारीक, एकच ठेवली तर घूं परत. या सगळ्या सोयी तो छोट्या स्विचांनी गिटारवर बसवतो आणि कार्यक्रमात एकच वापरतो. पुढे तो ती गिटार विकायला काढतो. सोबत हाताने काढलेला वायरिंगचा नकाशा देतो. घेणारा नकाशा आधी वाचतो आणि त्यातली चूक दाखवतो.