एका दुर्बिणीचे दांपत्य

मुंबई-ठाणे परिसरातील मध्यमवर्गात जे नवे हौशी प्रकार अलीकडे रुजले, त्यांत पक्षिनिरीक्षक दांपत्य हा प्रकार विशेष अभ्यसनीय आहे. हे दांपत्य पन्नाशी ओलांडलेले असते, मुले शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने घराबाहेर पडलेली असतात, आणि गुडघे साथ देत आहेत तोवर हिंडून घ्यावे, हा ठराव पतीने मांडून पत्नीच्या वतीनेही स्वतःच मंजूर केलेला असतो. हिवाळ्यातील रविवारी पहाटेच्या लोकलने पनवेल गाठून पेणकडे जाणाऱ्या एसटीने कर्नाळ्याला उतरणारे हे जोडपे गर्दीतही ओळखू येते, कारण पतीच्या गळ्यात दुर्बीण असते आणि उरलेले सर्व सामान पत्नीच्या खांद्यावर असते.

कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य, म्हणजे पक्ष्यांच्या संरक्षणासाठी कायद्याने राखलेले वन, १९६८ मध्ये घोषित झाले. त्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आहे आणि अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. ही माहिती पती दरवर्षी एसटीत सांगतो आणि पत्नी दरवर्षी ‘हो का?’ असे म्हणते. प्रवेशद्वारावर पिशव्यांतील प्लास्टिकची विचारणा झाली, की मात्र पती मौन पाळतो, कारण पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. बाटल्या किती, डबे किती आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कशात बांधल्या आहेत, हे पत्नी पिशवी न उघडता सांगते.

पतीची दुर्बीण ‘आठ बाय बेचाळीस’ असते, म्हणजे ती वस्तू आठपट जवळ आणते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. हे आकडे त्याला तोंडपाठ असतात; अशा दुर्बिणीतून हजार मीटर अंतरावरचा जेमतेम सव्वाशे ते दीडशे मीटर रुंदीचाच पट्टा दिसतो, हे तेवढे त्याच्या ध्यानात नसते. सह्याद्रीच्या जंगलात लहान पक्षी पुष्कळदा मिश्र थव्याने फिरतात, म्हणजे सुभग, नाचण, कोतवाल असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र किडे टिपत पुढे सरकतात. त्यामुळे अर्धा तास पानही हलत नाही आणि मग दोन मिनिटांत सारे काही एकदम घडते. त्या दोन मिनिटांत पती भिंग जुळवणारे चाक फिरवीत असतो आणि पत्नी नुसत्या डोळ्यांनी पाहत असते.

“अहो, पांढरा! शेपटीला लांब रिबिनी. त्या वाळक्या फांदीवर.”

“कुठल्या फांदीवर? घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांग.”

“गेला.”

तो स्वर्गीय नर्तकाचा पूर्ण वाढ झालेला नर असतो, आणि पती त्याच्यासाठी तीन हिवाळे झुरत असतो. येथून या दांपत्याचा मुख्य वाद सुरू होतो: दोघांपैकी एकानेच पाहिलेला पक्षी वहीतील यादीत लिहावा की नाही? पतीच्या मते लिहू नये, कारण शास्त्रात निरीक्षकाची स्वतःची नोंदच ग्राह्य असते. पत्नीचा युक्तिवाद असा, की घर दोघांच्या नावावर असेल, तर पक्षी दोघांच्या नावावर का नसावा? पती आधारासाठी पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचे नाव घेतो. पत्नी लगेच आठवण करून देते, की त्यांच्या सर्वेक्षणांत त्यांच्या पत्नी तेहमिना बरोबर असत आणि मुक्कामाची व्यवस्था त्याच पाहत. जंगलात मोठ्याने बोलायचे नाही हा नियम दोघेही निष्ठेने पाळत असल्यामुळे हा सगळा तंटा कुजबुजत चालतो, आणि जवळून जाणाऱ्या तरुण मंडळींना ते प्रेमालाप वाटतात. घरी ज्या वादाने शेजाऱ्यांची झोप उडाली असती, त्याने येथे सातभाईसुद्धा उडत नाहीत, हा अभयारण्याचा एक दुर्लक्षित लाभ होय.

दुपारी पुऱ्या संपतात आणि समेट होतो. समेटाचा मसुदा ठरलेला असतो: नर्तक वहीत चढतो, परंतु त्याच्यापुढे कंसात ‘सौ.’ असे लिहिले जाते. संध्याकाळपर्यंत यादीतील निम्म्याहून अधिक पक्ष्यांपुढे हा कंस लागलेला असतो आणि परतीच्या लोकलमध्ये पती वही मिटूनच ठेवतो.

या प्रकारच्या दांपत्यांना हितचिंतक पुढे दुसरी दुर्बीण घेण्याचा सल्ला देतात. तो सल्ला चुकीचा आहे. दोघांनीही डोळ्यांना भिंगे लावली, तर फांदीवर काय बसले आहे हे कोणालाच कळणार नाही. दुर्बीण एकच असावी, ती पतीच्याच गळ्यात राहू द्यावी, आणि वही मात्र पत्नीकडे सोपवावी.