ते विचारत नाहीत

जीकेसरांचा मूळ विषय भूगोल की शारीरिक शिक्षण, हे शाळेत आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. मस्टरवर काहीतरी असेलच. पण प्रश्नमंजुषा गणेशमंडळाची असो, वाचनालयाची असो की पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची, तीन पोरांचा संघ घेऊन वेळेच्या अर्धा तास आधी हजर होणारे गृहस्थ म्हणजे जीकेसर. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एक सर असतात. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि काखेत वही.

या वहीत निळ्या शाईत जग आहे आणि लाल शाईत जगाने सरांना दिलेला त्रास. ‘ग्रह नऊ’वर २००६ साली लाल रेघ बसली. एव्हरेस्टच्या ८,८४८ मीटरपुढे २०२०च्या डिसेंबरात पॉइंट शहाऐंशी कोंबावे लागले. देशातल्या राज्यांचा रकाना तर बघवत नाही: २८ खोडून २९, आणि २९ खोडून पुन्हा २८. तेलंगणाने एक वाढवलं, जम्मू-काश्मीरने एक कमी केलं. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या ओळींवर तर आता कागदच उरलेला नाही. निर्णय घेऊन मंत्रिमंडळ मोकळं होतं, निस्तरायचं सरांनी!

सगळ्यांत मोठी जखम हॉकीची. ‘राष्ट्रीय खेळ : हॉकी’ हे उत्तर सरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरळ सरकारलाच विचारलं. क्रीडा मंत्रालयाने कळवलं, की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. सरांनी ओळ खोडली, पण राग मंत्रालयावर धरला नाही. “त्या पोरीला कुणी सांगितलं होतं नसत्या चौकशा करायला?”

कारण सरांच्या मते प्रश्न दोन जातींचे. जे विचारतात ते, आणि जे विचारत नाहीत ते. पहिल्यांसाठी जीव टाकावा, दुसऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

तयारी चालते मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेत. टेबलावर हॉटेलातल्या गल्ल्यावर असते तसली घंटी. “एव्हरेस्ट शब्द कानावर पडला रे पडला, की मार घंटी. प्रश्न पुरा ऐकत बसलास तर पलीकडचा नेतो.” सर विचारतात, “स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक?” टण्ण! “खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य.” गाव? “गोळेश्वर, तालुका कराड.” सर खुशीत येतात आणि वहीत नसलेलंही थोडं सांगून जातात: हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक बारका, संघातसुद्धा नसलेला, घंटी न वाजवता विचारतो, “सर, मग ते घर सुटलं का?”

सर दोन्ही पेनांकडे बघतात. “ते विचारत नाहीत.”

तसंच पहिल्या रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे पोरं एका दमात म्हणतात. चौदा डब्यांना तीन इंजिनं कशाला लागली, हेही विचारत नाहीत. माझं मत विचाराल तर त्या वर्गातला खरा गडी तो बारकाच. पण त्याला संघात घेतला तर एका प्रश्नाला दोन प्रश्न करील आणि गुण जातील, हा सरांचा हिशेबही चुकीचा नाही.

सरांचं खरं रूप मात्र स्पर्धेच्या दिवशी दिसतं. एकदा संचालकांनी विचारलं, महाराष्ट्रात जिल्हे किती? सरांच्या पोरीने छत्तीस सांगितलं. संचालकांच्या हातातल्या पिवळ्या पडलेल्या गाईडात पस्तीस होतं. “चूक!” झालं. सर तिसऱ्या रांगेतून उठले. “१ ऑगस्ट २०१४! पालघर!” पिशवीतून कात्रण निघालं. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत राहिले, चहावर साय धरली, सर काही खाली बसेनात. शेवटी गुण मिळाले. एका आकड्यासाठी एवढं भांडणारा माणूस मला तरी आवडतो. आपल्यातले बरेच जण ‘जाऊ दे ना’ म्हणून बसले असते.

पुढे बरोबरी झाली आणि निकाल चित्रफेरीवर आला. पडद्यावर जांभळ्या फुलांचा घोस. ओळखा! सरांच्या संघाला राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण हे झोपेतही पाठ. तिघंही पडद्याकडे बघत बसली. दुसऱ्या शाळेच्या मुलीने सावकाश, घंटीला हातही न लावता सांगितलं, “ताम्हण. आमच्या विहिरीजवळ आहे.”

सरांची स्कूटर रोज शाळेच्या फाटकाजवळ ज्या झाडाखाली लागते, ते ताम्हणच आहे.

दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने भर पडली: ‘ताम्हण – रंग जांभळा’. पोरांनी तीही पाठ केली.

तुमच्या गावात ताम्हण असेल, तर १ मेला झेंडावंदन आटोपलं की पोरांना घेऊन त्याच्याखाली जा. तो बहराचाच काळ असतो. जीकेसरांनाही जरूर न्या. फक्त घंटी घरी ठेवायला सांगा.