ड्रोनला बढती द्यावी का?

ड्रोन विकत घेतला की माणूस तो उडवायला शिकण्याआधी एक वेगळीच गोष्ट शिकतो : याहून चांगला ड्रोन कोणता मिळतो.

माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला. घरात त्याला ‘तुमचं पाखरू’ म्हणतात आणि ‘तुमचं’वर जोर देतात. पाखरू पाठ करून माझ्यापासून लांब जात असतं तोवर मी उत्तम पायलट असतो. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं की माझं उजवं ते त्याचं डावं होतं, आणि मग आमच्यात संसारी माणसांसारखे मतभेद सुरू होतात.

तरीही माझ्या भाच्याने ठरवलंय की मामांनी आता मोठं मॉडेल घ्यायचं. भाचा तळेगावचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असला, तरी दुसऱ्याचे पैसे खर्च करण्याच्या विषयात त्याची पीएचडी केव्हाच झालेली आहे.

“मामा, दहा किलोमीटर रेंज!” हा त्याचा पहिला बाण.

म्हणजे मळवली स्टेशनाबाहेर उभं राहून लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानांपुढची गर्दी मोजायची. पण ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो, आणि माझी नजर चष्म्यासकट फार तर तीनशे मीटर पोचते. त्यापुढचं सगळं अंतर फक्त बिलात दिसणार.

बरं, उडवायचा कुठे? लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे हे सारं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली; परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढायचा नाही. त्यातून लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसला, म्हणजे आता त्याच्यापुढे आपण आणखीच लहान. टायगर पॉइंटला निघावं, तर वाटेत आयएनएस शिवाजी. नौदलाच्या डोक्यावरून पाखरू न्यायची हौस असेल, त्याने ड्रोन बदलण्याआधी वकील बदलावा.

ऋतूचंही तेच. लोणावळा बघावा जुलैत, आणि ड्रोन उडवू नये तोही जुलैतच. या यंत्रांना पाण्याचं वावडं. धुकं उतरलं की टायगर पॉइंटवर हातातली कांदाभजीसुद्धा चवीवरूनच ओळखावी लागते. तिथे महागडा कॅमेरा काय टिपणार? पांढरा रंग, मात्र अतिशय स्पष्ट.

“पण वारा?” भाचा म्हणाला. “हलका ड्रोन वाऱ्यात टिकत नाही.”

इथे पोरगं खरं बोललं. पवना धरणाच्या काठावर सकाळी पान हलत नाही आणि दुपारी टोपी हातात धरावी लागते. समजा, ड्रोनचा वेग ताशी ५० किलोमीटर आणि वारा ३५चा. वाऱ्याबरोबर तो ८५ने सुसाट सुटतो. नवशिका म्हणतो, वा! परतताना तोच १५ने रखडतो, बॅटरीचे आकडे उतरत जातात आणि नवशिक्याला एकवीरा आई आठवते. ६५च्या वेगाचा महाग ड्रोन ३०ने परत येईल, म्हणजे दुप्पट वेगाने. कबूल. पण जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि येताना वारा पाठीशी घ्यावा, एवढी अक्कल ठेवली तर माझं पाखरूही सुखरूप घरी येतं. आणि अक्कल हप्त्यांवर घ्यावी लागत नाही.

अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरचंही असंच. त्यांना झाड दिसतं, भिंत दिसते. बारीक तार बरेचदा दिसत नाही. आणि मावळात भातखाचरांवरून शेतपंपांच्या तारा कमी का गेल्यात?

शिवाय वाडीवर पाखरू उतरलं की प्रश्नपत्रिका ठरलेली. “केवढ्याला पडलं?” “कॅमेरा हाय का?” आणि शेवटी, “आमच्या बैलगाडा शर्यतीचं शूटिंग करता का, दादा? पैसे देऊ की!”

या तिसऱ्या प्रश्नाने भाच्याचे डोळे चमकले. म्हणून त्याला २०२१चे ड्रोन नियम ऐकवले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही आणि विमाही. मायक्रो नुसत्या हौसेने उडवला तर प्रमाणपत्र माफ, विमा मात्र हवाच. शर्यतीचे पैसे खिशात टाकले, की मान्यताप्राप्त संस्थेत शिकून प्रमाणपत्रही आणा. थोडक्यात, ड्रोनचं वजन वाढलं की कागदांचंही वाढतं.

“दुबईच्या काकांना आणायला सांगू,” भाचा म्हणाला. आमच्याकडे सगळे प्रश्न दुबईच्या काकांपाशी संपतात. हा संपला नाही. ९ फेब्रुवारी २०२२ला केंद्र सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सूट ठेवली ती संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनापुरती. काका यांपैकी कशातच बसत नाहीत. अत्तराचं दुकान चालवतात.

मग माणसाने नवं मॉडेल कधीच घेऊ नये का? घ्यावं की. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना तो म्हणू तिकडे जायला लागला, वाऱ्याचा अंदाज ॲप न उघडता यायला लागला, आणि एखादं ठरावीक चित्र डोळ्यांपुढे आहे, हात तयार आहे, फक्त यंत्र कमी पडतंय, असं झालं की बेलाशक घ्यावं. तोवर कमी पडणारी वस्तू रिमोटच्या अलीकडे असते.

एवढं ऐकून भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मामा, नवीन घेणारच नसाल, तर जुना थोडे दिवस मला द्या. शिकतो तरी.”

तेव्हा कुठे मला त्याच्या दहा किलोमीटर रेंजचा पल्ला कळला. पण शिकायचं म्हणतोय, म्हणून दिला.

आठवडाभराने त्याचा फोन आला.

“मामा, उडवायला अजून जमत नाहीये,” तो म्हणाला. “मॉडेलच बदलायला हवं.”