जगात जर्मनी, दाखल्यात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण बाहेरची माणसे थट्टेने घेतात आणि परभणीकर अभिमानाने. तपासून मात्र दोघांनीही पाहिलेली नाही. रस्ते, कारखाने, हवापाणी या बाबतींत ती टिकेल असा आमचा दावा नाही. पण आपण जिथे राहतो तिथेच राहतो, हे कागदावर सिद्ध करण्याची जी विद्या आहे, तिच्यापुरती ही म्हण शब्दशः खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे ठरले. त्यांच्यासाठी जर्मन भाषेच्या वर्गांची योजना झाली, ती योग्यच. मात्र परदेशात राहणाऱ्याची खरी परीक्षा भाषेची नसते, रहिवासी परवान्याची असते आणि त्या परीक्षेचा शिकवणीवर्ग कुणी काढलेला नाही. काढायची गरजही नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत नऊ तहसील कार्यालये आहेत आणि तिथे हा अभ्यासक्रम बारमाही चालू असतो. होतकरू उमेदवाराने त्याचा लाभ कसा घ्यावा, हे सांगण्यासाठी पुढील मार्गदर्शन.

पहिली पायरी म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढणे. जर्मन कचेरी हे प्रमाणपत्र मागत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. मागत नाही हे खरेच, पण समुद्रात पोहायचे असले तरी माणूस आधी विहिरीतच शिकतो. तेव्हा सेतू केंद्रात जाऊन टोकन घ्यावे. ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा जोडावा. मग येतो पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि शिक्षण सुरू होते ते इथे. तुम्ही पंधरा वर्षे गावात आहात हे पारावर बसणाऱ्यांना माहीत आहे. किराणा दुकानदाराला तर उधारीच्या वहीमुळे तारीखवार माहीत आहे. पण यांचा शब्द चालत नाही. चालतो तो तलाठ्याचा रहिवासी दाखला, म्हणजे चार गावांचा सज्जा सांभाळताना ज्यांची गावाशी भेट वारावर ठरते त्यांचा. (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे. अर्ज लिहिताना जागा थोडी जास्त सोडावी.) शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे टी.सी. काढली की कळते, की गुरुजींनी पहिलीत नाव घालताना जन्मतारीख १ जून टाकलेली आहे. गावात त्याचे कुणाला काही वाटत नाही, कारण अर्धा वर्ग १ जूनचाच असतो. पण दोघे सख्खे भाऊ आणि एक चुलतभाऊ एकाच दिवशी जन्मलेले, असे कागद परदेशी अधिकाऱ्यासमोर जातील तेव्हा काय खुलासा करायचा, याचा सराव इथेच करून ठेवावा. नावाचेही तसेच. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर ‘डीएनवाय’ने सुरू होते, बँकेच्या पासबुकावर ‘जीवाय’ने आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर ‘जेएन’ने. गावात माऊली एकच असते, संगणकात मात्र तिघे भाऊ नांदतात. या तिघांना एक करणारे शपथपत्र हा या अभ्यासक्रमातला सर्वांत उपयोगी धडा समजावा.

आता हेच जर्मनीत कसे घडते ते पाहावे, म्हणजे आमच्या म्हणण्याला आधार मिळेल. तिथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी, हा माणूस माझ्या घरात राहायला आला आहे, असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की कर-क्रमांक टपालाने त्या पत्त्यावर येतो, मात्र टपालपेटीवर तुमचे नाव चिकटवलेले नसेल तर पत्र परत जाते. पगार, बँक, परवाना ही पुढची सगळी साखळी त्या एका पत्त्यावर लटकलेली असते. परवान्याची मुदत संपत आली आणि नवा अर्ज पडून राहिला, तर मधल्या काळापुरता एक कागद मिळतो. तुमचे राहणे तूर्त कायदेशीर मानले आहे, एवढेच तो सांगतो. आपल्याकडे हे काम पोहोचपावती करते, फक्त तिच्यावर शिक्का पुसट असतो. आखाती देशांत इकामा, म्हणजे रहिवासी परवाना, घेऊन राहणाऱ्याचा साक्षीदार त्याचा मालक असतो, जर्मनीत घरमालक असतो, पालम-पूर्ण्यात तलाठी असतो. म्हणजे माणूस कुठे राहतो हे ठरवताना खुद्द त्या माणसाचा शब्द कुठेच धरत नाहीत. उलट दिशेनेही हिशेब जुळतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर भारतात आलेल्या परदेशी नागरिकाला सहसा १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. परभणीकराला जर्मनीत दोन आठवडे, जर्मनाला परभणीत दोन आठवडे. म्हण याहून काटेकोरपणे सिद्ध व्हायची नाही.

यावरून आमचा सिद्धांत असा, की रहिवासी परवाना हा राहण्याबद्दल मिळत नसून कागद न हलल्याबद्दल मिळतो. माणूस हलला की नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पुरावा परभणीच्याच इतिहासात आहे. १९४० साली सेलूत जन्मलेला एखादा माणूस घ्या. तो जन्मला निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ओट्यावरून न उठता त्याने चार राज्ये केली. हिंगोलीकराने तर पाचवा मुक्काम गाठला. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या टी.सी.वरचे ‘जिल्हा परभणी’ हे शब्द रातोरात परगावचे झाले. त्यातून आजोबांचा पुरावा लागलाच तर निजामकालीन दप्तर उघडायचे, जे उर्दूत किंवा मोडीत असते आणि वाचणारा शोधायला परत प्रवास. ज्यांच्या सात पिढ्या हलल्या नाहीत त्यांनाच आपण इथले असल्याचे दाखवताना सर्वांत जास्त हिंडावे लागते, हे लक्षात ठेवावे.

अधिवासाच्या दाखल्याला या मातीत एक पूर्वजही आहे. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम आले. संस्थानात सरकारी नोकरी हवी तर माणूस मुलकी, म्हणजे इथलाच, हवा. बाहेरून आलेल्याने मुलकी व्हायचे तर पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य दाखवायचे आणि वर मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करायचे, की मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे. आजच्या सगळ्या अर्जांत हा रकाना नाही, याची आम्हाला खंत वाटते. पत्ता, वय, शिक्षण हे सगळे तपासता येते, पण मनातून गाव गेले की नाही, हे मॅजिस्ट्रेटने कसे तपासले असेल? तरीही कायद्याच्या दृष्टीने बघितले तर निजामाच्या कारभाऱ्यांनी नेमका मुद्दा पकडला होता. अधिवास म्हणजे नुसता मुक्काम नव्हे, कायम राहण्याचा इरादाही त्यात येतो. नंतरच्या कचेऱ्यांनी आकडा तोच ठेवला आणि इरादा विचारायचे सोडून दिले.

कुणी म्हणेल, ही थट्टा ठीक आहे, पण पंधरा वर्षांची अट नसेल तर इथल्या मुलांच्या नोकऱ्या बाहेरचे पळवतील. आक्षेप वजनदार आहे, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवे. जर्मनीने जून २०२४ पासून नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली. म्हणजे बीदरहून परभणीत आलेल्या माणसाला महाराष्ट्राचा रहिवासी ठरायला जितका काळ लागतो, तितक्यात तो कायद्याने तीनदा जर्मन होऊ शकला असता. नागरिकत्व वेगळे आणि अधिवास वेगळा, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच मोठी गोष्ट पाच वर्षांत आणि छोटी पंधरात, याचे कारण कुणीतरी समजावून सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सांगितले, की या देशात अधिवास एकच आहे, भारताचा. जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर जागांच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितले. निकाल आपल्या जागी आहे, दाखल्याची रांग आपल्या जागी. राहिला पळवापळवीचा प्रश्न. ज्याला खोटे बोलून जागा पटकवायची आहे, त्याची फाईल नेहमी पूर्ण असते, कारण फाईल पूर्ण असणे हाच त्याचा धंदा. त्रुटी निघते ती खऱ्या माणसाच्या कागदांत.

हे कुठे सर्वांत जास्त बोचते, तर ऊसतोड कामगारांच्या बाबतीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशेबाने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जाऊन पडतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. वर्षाचे पाच-सहा महिने गावाबाहेर, म्हणजे पंधरा वर्षांत निम्मा काळ पाचटाच्या खोपीत. पोरगे बरोबर गेले तर शाळेच्या हजेरीपटावर तेवढे महिने कोरे. हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळीच मुले मागे राहत नाहीत. पुढे तेच पोरगे पोलीस भरतीला उभे राहते तेव्हा सलग वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. खरे तर दरवर्षी न चुकता परत येणारा हा माणूस, परतण्याचा विचार ज्याने एकदाही सोडला नाही तो. अधिवासाची याहून भक्कम साक्ष कुठली? शासनाने २०२१ पासून ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे द्यायचे ठरवले, हे चांगलेच झाले. म्हणजे गाव सोडून जातो याचा दाखला गावात मिळतो. गावात परत येतो याचा दाखला मिळवायला त्याने कुठे जावे, हे मात्र या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

आता सगळे ऑनलाइन झाले आहे, ही तक्रार जुनी झाली, असेही कुणी म्हणेल. ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे खेटे कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोर्टल फक्त कागद वाहून नेते. १ जून पुसून खरी तारीख टाकत नाही, की तीन ज्ञानेश्वरांचा एक करत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत दिली, दोन अपिले दिली, त्यावर आयोग दिला आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद ठेवली. मुदत मात्र पूर्ण अर्जापासून मोजतात, त्यामुळे त्रुटी सापडायला उत्तम दिवस कोणता, हे सुज्ञास सांगणे न लगे. मुद्रांकाचाही एक धडा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा स्टॅम्प पाचशेवर गेला. काही महिन्यांत, दाखल्यांच्या शपथपत्रांना मुद्रांक लागणारच नाही, असे जाहीर झाले. तरी उमेदवाराने एक जवळ बाळगावा. लागत नाही असे सांगणारे मुंबईत बसतात आणि मागणारे खिडकीत.

एवढा सराव झाला की जर्मनीत काही जड जात नाही. पाच वर्षे भरली की तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज करावा. आता जर्मनी दुसरे नागरिकत्व ठेवू देते, भारत देत नाही. तेव्हा भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड घ्यावे लागेल. त्यावर परभणीला हवे तेव्हा यावे, हवे तितके राहावे, फक्त मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाट्याला आली तर चालते, आधी घेतलेली ठेवता येते. म्हणून ज्याच्या मनात दोन एकर वावर घ्यायचे असेल, त्याने जर्मनीला राहायला जाण्याआधीच खरेदीखत उरकावे (तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही), फेरफाराची नोटीस निघून हरकतीची मुदत संपू द्यावी आणि सातबाऱ्यावर नाव लागल्याचे डोळ्यांनी पाहावे. ते नाव पासपोर्टवरच्या ज्ञानेश्वराशी जुळते की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.