पंधरा किलोमीटरचा झटका

अमेरिकेतल्या काही शिकाऱ्यांनी मचाण सोडून दिलं आहे. ते कमरेला पट्ट्यांची झोळी घालतात, दोरीने स्वतःला झाडाच्या खोडाला टांगून घेतात आणि धनुष्य धरून हरणाची वाट बघत बसतात. या झोळ्या विकायला टेथर्ड, ट्रॉफीलाइन, लॅटिट्यूड अशा कंपन्या आहेत. कोणाची झोळी जास्त हलकी आणि कोणाची मांडीला काचत नाही, यावर त्यांची जुंपलेली असते.

हा माल आमच्या बीडमध्ये खपायचा नाही. एक तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद. दुसरं, झाडावर बसून हिशेब चुकते करण्यात आमच्या लऊळ गावच्या माकडांनी डिसेंबर 2021 मध्ये जे नाव कमावलं, ते बिनझोळीचं. कुत्र्याची पिल्लं उंचावर नेऊन सोडणारी ती माकडं धरायला वनखात्याला यावं लागलं. आणि तिसरं, आमच्याकडे झाड आणि दोर एका वाक्यात आले की वेगळाच पंचनामा सुरू होतो. तो विषय इथेच सोडू.

पण भांडणात आम्ही अमेरिकेच्या मागे नाही. आमचं भांडण कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनचं आहे.

गोदाकाठी ऊस-मक्यात रानडुकरं शिरतात, शिरूर कासार-पाटोद्याकडे काळविटांचे कळप कोवळा हरभरा खुडतात. आधी माळ्यावर बसून गोफण फिरवली, मग बुजगावणं उभं केलं, मग न्हाव्याकडचे केस बांधावर टाकले, मग चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधल्या. साड्यांचा मांडव बघून डुकरं लग्नाला आल्यासारखी सहकुटुंब येऊ लागली. शेवटी मशीन आली. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची प्लेट आणि तारेत सेकंदा-सव्वा सेकंदाला एक झटका. व्होल्ट हजारांत, पण निमिषभरच. जनावर दचकतं, मरत नाही. यंत्र खरोखर चांगलं आहे. घोटाळा विकणाऱ्याच्या तोंडात आहे.

"बप्पा, त्याची दहा किलोमीटर चालती, आपली पंधरा!" पलीकडचा दुकानदार हे ऐकून दुसऱ्या दिवशी वीसचा फलक लावतो. आता गिऱ्हाइकाचं रान किती? दोन एकर. चौकोनी धरलं तर बांध चारशे मीटरच्या आत. तीन पदरी तार ओढली तरी सव्वा किलोमीटर पुरे. उरलेले पावणेचौदा किलोमीटर बप्पाने कुठे लावायचे, हे गॅरंटी कार्डावर लिहिलेलं नसतं. बॅटरीला गॅरंटी नाही, हे मात्र बारीक अक्षरांत असतं.

अर्थिंगबद्दल कोणीच बोलत नाही. झटक्याचा फेरा जनावराच्या अंगातून जमिनीत आणि तिथून मशीनमध्ये परत यावा लागतो. माती कोरडी असली की तो नीट येत नाही. म्हणजे मशीनला ओल हवी, आणि ती विकायची कुठे, तर बीड जिल्ह्यात! फेब्रुवारीनंतर माणसाला टँकर आणि अर्थिंगच्या सळईला तांब्याभर पाणी, अशी वाटणी करावी लागते. तारेला गवत टेकलं तर झटका गवतातच जिरतो, ते वेगळं.

एवढं सांभाळून मशीन चाललीच, तर डुक्कर शेजारच्या रानात जातं. शेजारी चिडून विरोधी कंपनीची मशीन आणतो. डुक्कर तिसऱ्याकडे वळतं, तिसरा तिसऱ्या कंपनीकडे. जाहिरातीत या कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण गावात त्या सगळ्यांसाठी एकच जनावर रात्रभर फिरतं, तेही बिनकमिशनचं. इतका प्रामाणिक विक्री प्रतिनिधी अमेरिकेतल्या झोळीवाल्यांनाही मिळालेला नाही. आणि ज्याच्याकडे मशीनला पैसे नाहीत, त्याच्या रानात गावातली सगळी डुकरं एकत्र जेवतात. सकाळी तो नुकसानभरपाईचा अर्ज भरतो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तिथे पुढचं पीक उभं असतं.

तर मंडळी, दुकानात गेल्यावर किलोमीटर विचारू नका. एका झटक्याची ऊर्जा किती ज्यूल, ते विचारा. आंतरराष्ट्रीय मानकात ही मर्यादा 5 ज्यूलची आहे. मशीन कोणत्या मानकाची ते बघा, अर्थिंग दुकानदारालाच करून द्यायला लावा आणि पक्कं बिल घ्या. पैसे नसतील तर नसू द्या, पण मोटारीच्या लाइटचा आकडा कुंपणाला लावू नका. त्या तारेवर डुकराच्या आधी रात्री पाणी द्यायला आलेला माणूस सापडतो.