उन्हाळी नृत्यशास्त्र : पुणे खंड

भारतीय परंपरेने सहा ऋतू मानले असले, तरी पुणे शहराच्या सांस्कृतिक पंचांगात वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आणि जूनमध्ये वाजणारी शाळेची पहिली घंटा यांच्या दरम्यान येणारा सातवा ऋतू स्वतंत्रपणे मोजावा लागतो. त्यास ‘शिबिरकाल’ असे नाव देता येईल. डिसेंबरात हे शहर सवाई गंधर्व महोत्सवात शाली पांघरून ऐकते, भाद्रपदात ढोल बांधून वाजवते, दिवाळीत पहाटे उठून गाणी ऐकल्याचे इतरांना सांगते. परंतु ते स्वतः नाचते ते फक्त चैत्र-वैशाखात, म्हणजे ज्या दोन महिन्यांत शहाण्या माणसाने दुपारी बारा ते चार हलूही नये असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत, नेमक्या त्याच महिन्यांत. ‘शिबिर’ म्हणजे दहा ते पंधरा दिवसांचा असा अभ्यासक्रम, की ज्यात कथक, मातीकाम, सुलेखन, जादूचे प्रयोग आणि वैदिक गणित या पाच विद्यांपैकी दोन घेतल्यास तिसरी सवलतीत मिळते आणि अखेरच्या दिवशी पाचही विद्यांचे मिळून एक प्रमाणपत्र दिले जाते.

या ऋतूचा मध्यबिंदू २९ एप्रिल हा होय. आंतरराष्ट्रीय रंगभूमी संस्थेने १९८२पासून हा दिवस जागतिक नृत्यदिन म्हणून ठरवला, कारण १७२७ साली याच तारखेला झाँ-जॉर्ज नोव्हेर हा फ्रेंच नृत्यरचनाकार जन्मला. नृत्याविषयीच्या त्याच्या पत्रांचा ग्रंथ १७६० साली प्रसिद्ध झाला. नर्तकाने मुखवटे फेकून द्यावेत, अवजड पोशाख टाकावेत, नुसत्या पदलालित्याच्या कसरती सोडून चेहऱ्याने आणि अंगाने अर्थ सांगावा, असा आग्रह त्याने या पत्रांतून धरला. त्याच्या जन्मदिनी पुण्यातील ड्रेपरीच्या, म्हणजे रंगमंचीय कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांत मोर, फुलपाखरू आणि मावळा या तिन्ही वेषांचा तुटवडा निर्माण होतो, आणि ज्या बालकास मोराचा पिसारा पाठीवर बांधून दोन्ही हातांनी सावरावा लागतो त्याचा चेहरा काही अर्थ सांगू लागला, तर तो अर्थ ‘हे केव्हा संपणार’ एवढाच असतो. नोव्हेरची उपेक्षा झाली असे मात्र म्हणता येत नाही, कारण बहुतेक निवेदिका त्याचे नाव घेतात आणि दर वर्षी निराळ्या उच्चाराने घेतात.

या गर्दीत कथकाचे स्थान अर्थातच वरचे आहे, आणि त्याला सबळ ऐतिहासिक कारण आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली येथे ‘नृत्यभारती’ स्थापन केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने घुंगरू बांधणे ही गोष्ट पेठांतून सहज पचणारी नव्हती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षे शिकून, संस्कृत आणि मराठी काव्याचा आधार घेऊन त्यांनी या नृत्याला जी बौद्धिक प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या पुण्याईवर आज शहरातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या गृहसंकुलाच्या क्लब हाऊसमध्ये एक कथकवर्ग चालतो. या वर्गांत ‘तत्कार’, म्हणजे पायांनी तालाचे मूळ बोल काढण्याचा पाया, शिकवला जातोच. मात्र पूर्वी जो तत्कार वर्षभर घोटला जात असे तो आता सुटीत बसवावा लागत असल्याने त्याची लय वाढवण्याचे काम गुरूऐवजी पालक करतात. पालकांच्या या घाईमागे राज्य शासनाचे कलाप्रेमही आहे. शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिल्यास दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, आणि या एका तरतुदीने कथकाचा जितका प्रसार केला तितका लखनौ, जयपूर व बनारस या तिन्ही घराण्यांना मिळून करता आला नसता. ‘प्रवेशिका पूर्ण’ आणि ‘मध्यमा प्रथम’ ही परीक्षांची नावे आता ज्या घरात कोणी कधी सम ओळखली नाही तेथेही तोंडपाठ असतात. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. दहावीच्या निकालपत्रकात तिचा निराळा रकाना नाही.

भरतनाट्यम् ‘त्यांचे’ आणि कथकही मूळ ‘त्यांचेच’, असा एक हळवा सूर या ऋतूत काही सभ्य घरांतून ऐकू येतो, आणि त्याचे निरसन इतिहासाने इतके मजेशीर केले आहे की त्यावर थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. पुण्याची जहागीर ज्या शहाजीराजांकडे होती त्यांचेच पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरात राज्य स्थापिले. त्या वंशातील राजांनी मराठीत नाटके आणि नृत्यप्रबंध लिहिले. आणि सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो प्रयोगक्रम, ज्याला ‘मार्गम्’ म्हणतात, घडवला, तोच आज जगभर भरतनाट्यम् म्हणून सादर होतो. स्वतः सरफोजींच्या नावावर मराठीतील नृत्यरचना आहेत. सुचेता भिडे-चापेकर यांनी या तंजावरी मराठी रचनांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या, भरतनाट्यम्‌ची हिंदुस्थानी रागसंगीताशी सांगड घातली, आणि हे सारे पुण्यात बसून केले. तरीही ‘अरंगेत्रम्’, म्हणजे शिष्येने गुरूच्या आणि जाणकारांच्या समोर प्रथमच एकटीने पूर्ण मार्गम् सादर करण्याचा विधी, पुण्यात ठरला, की निमंत्रणपत्रिकेवर गणपती आणि नटराज यांच्यात मधले स्थान कोणाला द्यावे यावर दोन्हीकडच्या आजी-आजोबांत जी चर्चा होते तीत सरफोजींचे नाव निघत नाही. भोजनात पुरणपोळी की सांबार, हा प्रश्न मात्र निघतो. तंजावरच्या मराठी मुदपाकखान्याशी सांबाराचा संबंध जोडणारी एक लोकप्रिय आख्यायिका असल्याने या प्रश्नावर तरी ऐतिहासिक तडजोड होऊ शकते.

झुंबा, साल्सा आणि बचाटा यांची नोंद संक्षेपाने पुरेशी आहे. झुंबा हा कोलंबियातील बेटो पेरेझ यांनी रूढ केलेला नृत्यव्यायाम होय, जो पुण्यात पहाटे सहा वाजता गच्चीवर केला जातो आणि साडेसात वाजता मिसळीने समतोल केला जातो. साल्सा कोरेगाव पार्काच्या बाजूला होतो. त्यात अनोळखी स्त्री-पुरुषांनी हात धरून नाचायचे असते, आणि नदीच्या अलीकडे अद्याप ते कोणी गृहीत धरलेले नाही.

लावणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. उत्तर पेशवाईत याच शहरात राम जोशी, होनाजी बाळा यांच्या रचना गाजल्या, दुसऱ्या बाजीरावाने त्यांचा परामर्श घेतला, आणि त्यानंतरची बरीच दशके शहराने तो सारा प्रकार आपल्याला ठाऊकच नसल्यासारखे दाखवले. आजच्या शिबिरकालात लावणी सर्वत्र आहे. उपयोजनांची रचना करणाऱ्या संगणक अभियंत्या शनिवारी सकाळी तिची कार्यशाळा करतात. शिवलेली, नाडी ओढून दोन मिनिटांत अंगावर चढणारी नऊवारी बाजारात मिळते. आणि समारोपाला सादर होणाऱ्या लावणीस ‘आपला वारसा’ असे संबोधून टाळ्या घेतल्या जातात. अभ्यासकाने येथे एक भेद लक्षात घ्यावा. लावणीची परंपरा जपणारे दोन मुख्य प्रकार म्हणजे ढोलकी फड आणि संगीत बारी. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने पूर्ण तमाशा होतो, तर संगीत बारीत गायन आणि अदाकारी हेच मुख्य असते. संगीत बारीचे एक जुने ठिकाण, आर्यभूषण थिएटर, पुण्याच्या पेठांतच आहे. परंतु वारशाच्या कार्यशाळेस जाणाऱ्या मंडळींना त्या थिएटरचा रस्ता विचारला असता ‘तिकडे पार्किंग नसतं’ असे उत्तर मिळते, आणि पुण्यात याहून सभ्य नकार अजून शोधला गेलेला नाही.

याच काळात शहरापासून दोन तासांच्या अंतरावर नारायणगावात राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडमालकांनी जत्रांच्या हंगामासाठी उघडलेले तात्पुरते कार्यालय. गावोगावचे पंच पाडव्याच्या सुमारास तेथे येतात, फड ठरवतात, सुपारी देतात, आणि मग चैत्र-वैशाखभर ट्रक, कनाती, पेट्या आणि शंभराच्या आसपास माणसे घेऊन फड एका जत्रेतून दुसरीत फिरतात. रात्री खेळ होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ‘हजेरी’ होते, कारण गावाला रात्रीच्या खेळाने समाधान होत नाही. शिबिरात ज्या मुलांना दुपारी चारनंतरच बोलवावे असा पालकांचा आग्रह असतो, त्यांच्या वयाची फडावरची मुले ट्रकखालच्या सावलीत झोपलेली असतात. नारायणगावचे नाव लावणाऱ्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, अखेरचे दिवस विवंचनेत गेले, आणि २००२ साली त्यांचे निधन झाल्यावर शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. अर्थात गौरव करण्याची इच्छा शासनाकडे कधीच कमी नव्हती, फक्त तिला जीवन संपण्याची वाट पाहावी लागली. वाढीव गुणांच्या योजनेत लोककलेचाही समावेश आहे. ट्रकखाली झोपलेल्या मुलाला ते गुण मिळण्यासाठी त्याने प्रथम दहावीपर्यंत एका गावात राहणे आवश्यक आहे, एवढीच काय ती अडचण.

नाट्यगृहांची नावे या संदर्भात उद्बोधक ठरतात. बिबवेवाडीतील महापालिकेचे सभागृह ज्या अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचे आहे, त्यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन कामगारवस्त्यांत नेले. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली प्रत्यक्ष बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, ते खुले झाले. ज्या पुरुषाने स्त्रीवेषाने अवघ्या महाराष्ट्राच्या स्त्रियांना साडी नेसण्याची रीत शिकवली, त्याच्या तैलचित्राखालून मे महिन्यात जे पालक जातात त्यांपैकी एखादा ‘मुलगा आहे, त्याला नाच कशाला’ असे म्हणताना आढळतो आणि त्याच मुलाला मावळ्याच्या वेषात आत सोडतो.

नाट्यगृहाची तारीख मिळणे हा या ऋतूतील सर्वांत कठीण नृत्यप्रकार आहे. मिळालेली तारीख कशी खर्च होते, हे पाहण्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळावे लागते. मुख्य प्रयोगाआधीच्या विधींना भरत ‘पूर्वरंग’ म्हणतो, त्याची एकोणीस अंगे सांगतो, आणि तो फार लांबवल्यास प्रयोग करणारे व पाहणारे दोघेही थकतात, अशी सूचनाही देऊन ठेवतो. पुणेरी पूर्वरंगात दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, त्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, प्रायोजकांचे आभार आणि पाहुण्यांनी ‘मी वेळ घेणार नाही’ असे सांगून घेतलेला वेळ ही अंगे येतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो आणि मध्यरात्रीपर्यंतच्या सवलतीचे वर्षातील मोजके दिवस गणपतीकडे आधीच गेलेले असतात. बंदिस्त सभागृहाला हा नियम तसा लागत नसला, तरी दहा वाजता व्यवस्थापक घड्याळ दाखवतो तेव्हा याच नियमाचे नाव घेतो. परिणामी सात महिने तालीम केलेल्या मोठ्या मुलींचा तराणा चार मिनिटांत उरकतो, आणि शिबिरातील मोर, पहिल्याच क्रमांकावर असल्यामुळे, पूर्ण नाचतो.

भरताने प्रेक्षकाचीही लक्षणे सांगितली आहेत: पात्र आनंदले की जो आनंदतो, ते शोकात बुडाले की जो शोक करतो, तो प्रेक्षक. या व्याख्येवर शिबिरकालाची परीक्षा केली असता सभागृह तुडुंब असूनही प्रेक्षकसंख्या शून्यावर येते. खुर्च्यांवर बसलेला प्रत्येक जण कोणाचा तरी बाप, आई, आत्या किंवा मामा असतो. आपले बालक रंगमंचावर येताच तो उभा राहून मोबाईल उंचावतो, ते विंगेत जाताच बाहेर वडा खायला जातो, आणि मागच्या रांगेतील आत्यांना त्यांचे बालक त्याच्या कोपराच्या कोनातून पाहावे लागते. भरताने प्रयोगातील विघ्नांत वारा, आग, पाऊस, हत्ती आणि किडे यांची गणना केली आहे. त्यात नातेवाईक नाहीत, यावरून नाट्यशास्त्राच्या काळी प्रवेशिका विनामूल्य नसाव्यात असे अनुमान निघते.

एखादा मनुष्य निव्वळ नृत्य पाहण्यासाठी, ज्याचे रंगमंचावर कोणीही नाही अशा अवस्थेत, या सभागृहाच्या दाराशी आलाच, तर बिल्ला लावलेला स्वयंसेवक त्याला ‘आपलं कोण आहे कार्यक्रमात?’ असे विचारतो. ‘कोणी नाही’ हे उत्तर ऐकून स्वयंसेवकासमोर दोनच शक्यता उरतात. मनुष्य चुकून आला असावा, किंवा तो प्रमुख पाहुणा असावा. आणि काही रांगा राखीव असल्याच्या सूचनेखाली रिकाम्या खुर्च्या फक्त पुढच्या रांगेतच शिल्लक असल्याने त्याला तेथे नेले जाते, पाणी दिले जाते, नाव विचारले जाते, आणि आठव्या व नवव्या नृत्याच्या मध्ये, निवेदिकेच्या हातात चिठ्ठी पोहोचल्यावर, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो.